क्लार्किया पुल्केला : एका रानफुलाचा इतिहास आणि श्रेयाचा प्रश्न

१

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्लार्किया पुल्केला या रानफुलाचा उल्लेख आलाच तर तो एका वाक्यापुरता असतो, आणि ते वाक्यही पुष्कळदा सदोष असते. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये या फुलाचे परागकण पाण्यात सोडले, ते कण अखंड हालताना त्याला दिसले, व त्यातून पुढे 'ब्राउनीय गती' या नावाने प्रसिद्ध झालेल्या घटनेचा शोध लागला, अशा अर्थाचे ते वाक्य असते. यातील काळ बरोबर आहे, व्यक्तीही बरोबर आहे. परंतु ब्राउनने हालताना पाहिले ते परागकण नव्हेत. ते परागकणांच्या पोटात असलेले, त्यांहून कितीतरी लहान असे कण होते.

या फुलाच्या नावाविषयीही अशीच गल्लत संभवते. 'क्लार्किया' हे नाव विल्यम क्लार्क या अमेरिकन प्रवाशाच्या सन्मानार्थ दिलेले असल्यामुळे ते फूल क्लार्कने शोधले असावे असे सहज वाटते. वस्तुतः ते खुडणारा, त्याचे सविस्तर वर्णन लिहिणारा व वाळवून जपणारा पुरुष म्हणजे क्लार्कचा सहकारी मेरीवेदर लुईस हा होय.

या दोन गैरसमजुती वरवर पाहता एकमेकींशी असंबद्ध आहेत. तथापि त्यांचे मूळ एकच आहे. एखादी वस्तू ज्ञानाच्या कक्षेत येते ती अनेक हातांतून. आणि स्मरणात मात्र बहुधा एकच हात राहतो. क्लार्किया पुल्केलाच्या बाबतीत हे सर्व हात कागदोपत्री ओळखता येतात, हे अभ्यासकाचे सुदैव आहे. १८०६ ते १८२७ या एकवीस वर्षांत हे फूल एका डोंगरउतारावरून लंडनमधील एका भिंगाखाली कसे आले, त्या प्रवासात कोणी नेमके काय केले, आणि त्यांपैकी कशाचे श्रेय कोणास मिळाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

प्रथम वनस्पतीचा परिचय करून घेणे इष्ट ठरेल. क्लार्किया पुल्केला ही ओनाग्रेसी कुलातील वर्षायू वनस्पती आहे. महाराष्ट्रातील पाणथळ जागी पिवळ्या फुलांनी लक्ष वेधणारी पाणलवंग याच कुलातील. ह्यूगो द व्ह्रीस याने आपल्या उत्परिवर्तनवादासाठी अभ्यासलेली ईनोथेराही याच कुलातील. क्लार्कियाची भूमी मात्र कोरडी आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागात, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाचा दक्षिण भाग, वॉशिंग्टन, ऑरेगन, आयडाहो व पश्चिम मॉन्टॅना या प्रदेशांत, ती मूळची आहे. तेथील उन्हाळा कोरडा असतो. पाऊस व बर्फ यांचा काळ हिवाळ्याचा. आपल्या दवण्याच्याच प्रजातीतील सेजब्रश नावाच्या करड्या झुडपांचे माळ आणि पाँडेरोसा पाइन वृक्षांची विरळ वने यांच्या उघड्या उतारांवर ही वनस्पती उगवते.

तिचे बी शरद ऋतूत रुजते, रोपे हिवाळा काढतात, आणि वसंताच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी ती फुलतात. झाड वीतभर ते हातभर उंचीचे. फुलास चार पाकळ्या. रंग गुलाबी ते फिकट जांभळा. प्रत्येक पाकळी टोकाशी तीन खंडांत विभागलेली असून मधला खंड अधिक रुंद असतो. पुंकेसरांपैकी चार कार्यक्षम व चार खुरटलेले असतात. कुक्षीचे चार पांढरे भाग फुलाच्या मध्यभागी पसरतात. फूल गळून लांबट फळ धरले, ते पिकून तडकले आणि बी जमिनीवर पडले की झाडाचे आयुष्य संपते. 'पुल्केला' या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'लहानगी सुंदर' असा आहे.

या जीवनक्रमातील एक गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वर्षायू वनस्पतीला कंद नाही, बुंधा नाही. ती एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाते ती केवळ बियांच्या रूपाने. म्हणून तिला एका देशातून दुसऱ्या देशात जिवंत न्यावयाचे तर पिकलेले बी हाती लागले पाहिजे, आणि ते पिकण्याच्या नेमक्या वेळी मनुष्य तेथे हजर असला पाहिजे.

३

अमेरिकेचे अध्यक्ष टॉमस जेफर्सन यांनी धाडलेली लुईस व क्लार्क यांची तुकडी मे १८०४ मध्ये मिसुरी नदीने निघाली व सप्टेंबर १८०६ मध्ये परतली. निघण्यापूर्वी लुईसने फिलाडेल्फिया येथे बेंजामिन स्मिथ बार्टन या प्राध्यापकाकडे वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षण घेतले होते. तो व्यवसायाने सैनिक होता, परंतु पाहिलेली वस्तू भागशः वर्णन करण्याची त्याची हातोटी विलक्षण होती.

परतीच्या वाटेवर, १८०६ च्या मे महिन्यात, ही तुकडी आजच्या आयडाहो राज्यातील क्लिअरवॉटर नदीच्या खोऱ्यात अडकून पडली. पूर्वेकडील बिटररूट पर्वतावरचे बर्फ वितळले नव्हते. १४ मे ते १० जून असे जवळजवळ चार आठवडे त्यांनी नदीकाठी तळ दिला. हा प्रदेश नेझ पर्स लोकांचा होता. ते स्वतःस निमीपू म्हणवितात. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात डोंगर ओलांडून उपाशीपोटी उतरलेल्या या प्रवाशांना त्यांनी मासे व कॅमसचे कंद देऊन जगविले होते, हिवाळाभर त्यांचे घोडे सांभाळले होते, आणि पुढे जून १८०६ च्या अखेरीस बर्फातून वाट दाखविण्यास वाटाडेही त्यांनीच दिले. चार आठवड्यांचा मुक्काम शक्य झाला तो या लोकांच्या आतिथ्यामुळे, आणि फूल सापडले ते या मुक्कामामुळे.

१ जून १८०६ रोजी लुईसने आपल्या रोजनिशीत या फुलाचे दीर्घ वर्णन लिहिले. तळाजवळच्या टेकड्यांच्या चढावर ते फुललेले होते. पाकळ्यांचे तीन खंड, त्यांपैकी मधल्याचे मोठेपण, आणि पुंकेसरांचे दोन निरनिराळे संच, ज्यांतील चार मुख्य व चार अत्यंत सूक्ष्म आहेत, हे सर्व त्याने टिपले आहे. क्लार्कियाच्या आधुनिक वर्णनाशी हा तपशील ताडून पाहिला असता लुईसच्या दृष्टीची अचूकता प्रत्ययास येते. वर्णनाच्या शेवटी त्याने खेद व्यक्त केला आहे तो असा की, या वनस्पतीचे बी अद्याप पिकलेले नाही आणि आपला मुक्काम संपण्यापूर्वी ते पिकण्याचा संभव दिसत नाही. दहा दिवसांनी तुकडीने तळ हालविला. लुईसच्या सामानात वाळवलेला नमुना होता, बी नव्हते.

वाळवलेला नमुना तरी सुरक्षित पोहोचला, हेही सहजासहजी घडलेले नाही. जाताना गोळा केलेल्या वनस्पतींचा एक साठा मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांजवळ जमिनीत पुरून ठेवला होता. जुलै १८०६ मध्ये लुईसने तो उकरला तेव्हा पुराचे पाणी शिरून त्यातील सर्व वनस्पती नासल्या होत्या. क्लार्किया परतीच्या प्रवासात मिळाली म्हणून ती वाचली.

४

लुईसने आणलेल्या वनस्पतींचे शास्त्रीय वर्णन व्हावे असा संकल्प होता. १८०७ मध्ये फिलाडेल्फिया येथे सॅक्सनीहून आलेला फ्रेडरिक पुर्श हा वनस्पतिज्ञ या कामी मिळाला. नमुने लावणे व चित्रे काढणे यांबद्दल लुईसने त्याला स्वतः मोबदला दिला. परंतु ऑक्टोबर १८०९ मध्ये लुईस टेनेसी प्रांतात मरण पावला, तेव्हा त्याच्या ग्रंथाचे काम झालेलेच नव्हते. रोजनिशा क्लार्कच्या ताब्यात गेल्या. प्रवासाचा वृत्तांत निकोलस बिडल याने संपादिला व तो १८१४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यातून सृष्टिविज्ञानाचा भाग वगळला होता, कारण तो बार्टनने स्वतंत्रपणे लिहावयाचा होता. बार्टन १८१५ मध्ये वारला आणि तो भाग लिहिला गेलाच नाही. रूबेन गोल्ड थ्वेट्स याने १९०४–०५ मध्ये मूळ रोजनिशा समग्र छापल्या. म्हणजे क्लार्कियाचे पहिले वर्णन, ते लिहिले गेल्यानंतर सुमारे एका शतकाने, वाचकांसमोर यथामूल आले.

मध्यंतरी पुर्श काही नमुने घेऊन लंडनला गेला होता. तेथे एल्मर बर्क लॅम्बर्ट या श्रीमंत संग्राहकाच्या आश्रयाने त्याने 'फ्लोरा अमेरिके सेप्टेंट्रिओनालिस' हा उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. मुखपृष्ठावर १८१४ हे वर्ष असले तरी तो डिसेंबर १८१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथात पुर्शने दोन नव्या प्रजाती दोघा नायकांच्या नावे स्थापिल्या: मांसल मुळाच्या एका वनस्पतीस 'लुईसिया' व या फुलास 'क्लार्किया'. अशा रीतीने लुईसने वेचलेले व वर्णिलेले फूल क्लार्कच्या नावाने प्रसिद्ध झाले.

यात पुर्शने कपट केले असे म्हणता येणार नाही. लुईसच्या संग्रहातील नमुना आपण पाहिला आहे अशी नोंद तो त्या त्या वनस्पतीपुढे करतो. दोघा सहप्रवाशांना समान मान द्यावा हा त्याचा हेतू उघड आहे. तथापि दोन परिणाम घडले. पहिला असा की, वनस्पतिनामांच्या शास्त्रात अग्रक्रम प्रसिद्धीस मिळतो, निरीक्षणास नाही. त्यामुळे वनस्पतीच्या पूर्ण नावापुढे कर्ता म्हणून पुर्शचे नाव कायमचे जोडले गेले. दुसरा असा की, सन्मानार्थ दिलेले नाव हा कालांतराने शोधाचा दाखला समजला जाऊ लागला. नाम, कर्ता आणि संग्राहक या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्लार्किया पुल्केलाच्या बाबतीत ती तीन माणसे आहेत: क्लार्क, पुर्श व लुईस. ज्यांच्या भूमीत हे फूल उगवले ते निमीपू या तिन्हींत कोठेच नाहीत. त्यांच्या भूमीचे पुढे काय झाले तेही येथेच नमूद केले पाहिजे. १८५५ च्या तहाने त्यांच्यासाठी मोठा प्रदेश राखला गेला. १८६० मध्ये क्लिअरवॉटरच्या परिसरात सोने सापडले. १८६३ च्या तहाने त्या राखीव प्रदेशाचा सुमारे नऊ-दशांश भाग काढून घेण्यात आला. आणि १८७७ मध्ये युद्ध होऊन अनेक कुटुंबांना देशोधडीस लागावे लागले.

पुर्शने लंडनला नेलेले नमुनेही एकदा नाहीसे होण्याच्या बेतात आले होते. १८४२ मध्ये लॅम्बर्टच्या मृत्यूनंतर त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्या वेळी एडवर्ड टकरमन या तरुण अमेरिकन अभ्यासकाने लुईसच्या वनस्पती विकत घेतल्या व १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ॲकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेस या संस्थेस दिल्या.

५

वाळवलेल्या नमुन्यावरून नाव देता आले, चित्र काढता आले. फूल मात्र युरोपात कोणी पाहिले नव्हते. लुईसला जे साधले नाही ते डेव्हिड डग्लस याने केले. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने बागेस योग्य अशा वनस्पती मिळविण्यासाठी या स्कॉटिश माळ्याला कोलंबिया नदीच्या प्रदेशात पाठविले होते. एप्रिल १८२५ मध्ये तो तेथे पोहोचला आणि मार्च १८२७ पर्यंत राहिला. लुईसची तुकडी वाटसरू होती. डग्लस मुक्कामी राहिला. एका ऋतूत फुललेली वनस्पती हेरून ठेवावी आणि बी पिकल्यावर पुन्हा तेथे जावे, हे त्याला शक्य होते. गोळा केलेले बी तो जहाजांतून लंडनला धाडीत असे. अशा बियांतून क्लार्किया १८२६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आली आणि तेथील बागांत लवकरच लोकप्रिय झाली.

डग्लस स्वतः हडसन उपसागराच्या मार्गाने ऑक्टोबर १८२७ मध्ये इंग्लंडला परतला. म्हणजे ब्राउन ज्या उन्हाळ्यात क्लार्कियाचे पराग तपाशीत होता, त्या उन्हाळ्यात तिचे बी पाठविणारा मनुष्य अद्याप उत्तर अमेरिकेतील वाटेवरच होता. पुढे १८३४ मध्ये हवाई बेटावर, रानटी गुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून डग्लसचा अंत झाला. ब्राउनीय गतीच्या इतिहासात त्याचे नाव क्वचितच येते. परंतु क्लार्कियाची ताजी फुले लंडनच्या परिसरात १८२७ मध्ये उपलब्ध होती ती त्याच्या खटपटीमुळेच.

६

रॉबर्ट ब्राउन हा त्या काळच्या युरोपातील अग्रगण्य वनस्पतिशास्त्रज्ञांपैकी एक होता. सर जोसेफ बँक्स यांचा ग्रंथसंग्रह व वनस्पतिसंग्रह त्याच्या देखरेखीखाली होता. १८२७ मध्ये त्याच्यासमोर असलेला प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता. तो वनस्पतींच्या फलनाचा होता. इटलीत आमिची याने काही वर्षांपूर्वी परागनलिका पाहिली होती. परागकणाच्या आत जे बारीक कण असतात ते बीजांडापर्यंत कसे जातात व फलनात त्यांचे कार्य काय, हे ब्राउनला पाहावयाचे होते. त्यासाठी ज्या वनस्पतीच्या परागातील कण मोठे असतील ती सोयीची. क्लार्किया पुल्केलाच्या परागकणांत असे कण त्याला आढळले. ते लांबट असून त्यांची लांबी सुमारे एक चतुःसहस्रांश ते एक त्रिसहस्रांश इंच, म्हणजे आजच्या मापाने सहा ते साडेआठ मायक्रॉन, अशी त्याने दिली आहे.

पूर्ण वाढलेल्या पण अद्याप न फुटलेल्या परागकोशांतून त्याने पराग काढला. त्यातील कण पाण्यात असताना एका भिंगाच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता ते जागचे हालताना, मध्येच वळताना व स्वतःभोवती फिरताना दिसले. या भिंगाचे केंद्रांतर सुमारे एक बत्तिसांश इंच होते. वारंवार पाहिल्यावर त्याची खात्री झाली की ही गती पाण्यातील प्रवाहामुळे किंवा त्याच्या बाष्पीभवनामुळे उत्पन्न होत नसून ती कणाचीच आहे.

येथवरचे निरीक्षण ब्राउनपूर्वीही काही जणांनी केले होते. सजीवांच्या द्रवांत हालणारे सूक्ष्म कण अठराव्या शतकातील सूक्ष्मदर्शकांना अपरिचित नव्हते, आणि ब्राउननेही पूर्वसूरींचा निर्देश केलेला आहे. त्याचे खरे वैशिष्ट्य यापुढच्या पायरीत आहे. परागातील कण फलनाशी संबद्ध असल्यामुळे त्यांची गती हे जीवनाचे लक्षण असावे, ही कल्पना त्या वेळी स्वाभाविक होती. ब्राउनने ती कसोटीस लावली. त्याने प्रथम इतर वनस्पतींचे पराग पाहिले, गती होती. मग वनस्पतिसंग्रहातील, वीस वर्षांपूर्वी व काही शंभर वर्षांपूर्वी वाळवलेल्या वनस्पती पाहिल्या. त्यांतील कणही हालत होते. नंतर अश्मीभूत लाकूड, खिडकीची काच, निरनिराळे खडक, इतकेच काय, मिसरमधील स्फिंक्सच्या दगडाचा एक तुकडा, यांची पूड करून पाण्यात पाहिली. पूड पुरेशी बारीक असली की गती दिसत असे. जे कधीच जिवंत नव्हते तेही हालते म्हटल्यावर जीवन हे या गतीचे कारण असू शकत नाही, हा निष्कर्ष अटळ होता.

१८२८ मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रिकेचे शीर्षकच या क्रमाचे द्योतक आहे. तीत पूर्वार्धी परागात असलेल्या कणांचा व उत्तरार्धी सेंद्रिय आणि असेंद्रिय अशा दोन्ही पदार्थांतील चंचल कणांचा उल्लेख आहे. कणांना जीव आहे असे ब्राउनचे मत असल्याचा काहींचा ग्रह झाला, तो दूर करण्यासाठी १८२९ मध्ये त्याने पुरवणी टिपण प्रसिद्ध केले. पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब बदामाच्या तेलात ठेवून त्याने बाष्पीभवन थांबविले, आणि एका थेंबात एकच कण राहील अशी व्यवस्था केली. तरीही गती चालूच राहिली. म्हणजे कणांचे परस्पर आकर्षण हेही कारण बाद झाले. गतीचे कारण ब्राउनने सांगितले नाही. जी कारणे संभवनीय वाटत होती ती एकामागून एक नाहीशी करणे हे त्याचे कार्य, आणि ते कोणत्याही उपपत्तीइतकेच मोलाचे आहे.

७

गतीचे कारण पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी निश्चित झाले. द्रवाचे रेणू सतत इतस्ततः धावत असतात व कणावर सर्व बाजूंनी आदळतात. कण लहान असला तर या आघातांचा तोल क्षणोक्षणी बिघडतो आणि कण ढकलला जातो. १९०५ मध्ये आइनस्टाइनने व १९०६ मध्ये स्मोलुखोव्स्कीने याचे गणित मांडले, आणि जां पेरँ याने १९०८ पासून केलेल्या प्रयोगांनी ते पडताळून पाहिले. रेणूंच्या वास्तवतेविषयीची शंका त्यानंतर टिकली नाही. पेरँला १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच गणिताने पाठ्यपुस्तकातील चूकही उघड होते. आइनस्टाइनने दिलेल्या हिशेबानुसार पाण्यातील एक मायक्रॉन व्यासाचा कण एका मिनिटात सरासरी सुमारे सहा मायक्रॉन सरकतो, म्हणजे स्वतःच्या आकाराच्या सहापट. हे सरकणे व्यासाच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते. क्लार्कियाच्या परागकणाचा व्यास सुमारे शंभर मायक्रॉन धरला तर त्याचे सरकणे दसपटीने कमी, म्हणजे मिनिटाला ०.६ मायक्रॉन होईल. आणि त्याच्या स्वतःच्या आकाराशी तुलना केली तर ते एक टक्क्याहूनही कमी भरेल. एवढी हालचाल ब्राउनच्या भिंगातून तर नाहीच, आजच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यालाही सहज दिसणार नाही. परागकण पाण्यात सोडून ते 'नाचताना' पाहणारा विद्यार्थी प्रत्यक्षात पाण्यातील प्रवाह पाहत असतो. म्हणजे ब्राउनने जे कारण काळजीपूर्वक वगळले, नेमके तेच कारण ब्राउनचा शोध म्हणून त्याच्या पदरी पडते. साध्या शब्दचुकीचा हा परिणाम थोडा नव्हे.

उलट बाजूची शंकाही घेतली गेली. ब्राउनचा साधा सूक्ष्मदर्शक इतके बारीक कण दाखविण्यास समर्थच नव्हता, असे मत १९९१ मध्ये मांडण्यात आले. त्याच सुमारास ब्रायन फोर्ड याने ब्राउनच्या सूक्ष्मदर्शकातूनच क्लार्कियाच्या परागातील कण पाहून ते हालताना स्पष्ट दिसतात हे दाखवून दिले. २०१० मध्ये फिलिप पर्ल व त्याच्या सहकाऱ्यांनी क्लार्किया वाढवून सर्व निरीक्षणे पुन्हा केली. ब्राउनचे लांबट कण म्हणजे पिष्ट साठविणाऱ्या कणिका व बारीक गोल कण म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या कणिका होत, असा त्यांचा निर्णय आहे. सर्व पदार्थांतील बारीकात बारीक कण एकाच आकाराचे असतात असे ब्राउनला वाटले होते. हा भिंगाच्या मर्यादेमुळे झालेला भास होता, हेही त्यांनी दाखविले. ब्राउनचे निरीक्षण खरे ठरले, आणि त्यातील दोषही दिसून आला. दोन्ही गोष्टी कळल्या त्या पुन्हा त्या फुलाकडे गेल्यामुळे.

८

ब्राउनच्या हाती क्लार्किया हे साधन होते. गती सर्वच पदार्थांत आहे असे ठरल्यावर त्या फुलाचे प्रयोजन संपले. वनस्पतिशास्त्रात मात्र विसाव्या शतकात ते स्वतःच्या अधिकाराने परत आले. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील हार्लन लुईस व मार्गारेट लुईस यांनी क्लार्किया प्रजातीचा समग्र ग्रंथ लिहिला व पूर्वी स्वतंत्र मानलेली गोडेशिया ही प्रजाती तीत समाविष्ट केली. या प्रजातीतील चाळीसहून अधिक जातींपैकी बहुतेक कॅलिफोर्नियात आहेत. कोरड्या झुडपी प्रदेशांच्या कडांवर अवर्षणाने समूह नष्ट होतात, मोजकी झाडे उरतात, आणि त्यांतून गुणसूत्रांची रचना बदललेली नवी जाती अल्पावधीत निपजू शकते, असे मत हार्लन लुईसने या अभ्यासातून मांडले. जातींच्या उत्पत्तीविषयीच्या चर्चेत ते दीर्घकाळ महत्त्वाचे राहिले.

क्लार्किया पुल्केलावरील एक प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. डॅरा न्यूमन—